होक्काइडोची बदकं

१८ नोव्हेंबर १९९६
ठरलं. डिसेंबरात शामकांत जहाजावरून उतरले की आम्ही दोघं जपानला, होक्काइडोला. तिथे तळं गोठतं आणि काठावर रानबदकं माणसांच्या हातून खातात. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेसनी असं एक चित्र दाखवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांना सांगितलं. म्हणाले, नेईन. माणूस शब्दाचा पक्का. फक्त बोटीवर असतो.

२२ नोव्हेंबर
इथे परदेशात बारा महिने उकाडा, म्हणून थंडीची सवय सुरू. सुपरमार्केटात फ्रोझन कोळंबीपाशी बराच वेळ उभी राहिले. तिथल्या मुलीने विचारलं, आँटी, काय हवंय? म्हटलं, काही नको, जपानला चाललेय. ती मॅनेजरला घेऊन आली. उद्यापासून दुसरं सुपरमार्केट.

१ डिसेंबर, सकाळी
बोटॅनिक गार्डनच्या तळ्यावर सराव. पाव काढला तोच रखवालदार इथल्या इंग्रजीत ओरडत धावत आला. आँटी, कॅनॉट फीड, लाह! पिशवीत परत भरला. पण एक बदक माझ्याकडेच बघत होतं. मला जमणार.

९ डिसेंबर
फोन. ह्यांच्या जागी येणारा इंजिनीअर आजारी, म्हणून आता जानेवारीत. बरंच झालं, तळं जानेवारीतच नीट गोठतं. शेजारच्या नीताला हे समजावलं. म्हणाली, काकू, काका गणपतीलाही येणार होते ना? चांगली आहे मुलगी, पण पुण्याची.

२५ डिसेंबर
कॅरल्स ऐकायला चर्चमध्ये गेले. सगळी अजून पाठ आहेत. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, फॅमिली? म्हटलं, ऑन द वे.

१९ जानेवारी १९९७
शामकांतांचा फोन, चक्क होक्काइडोहून! जहाज तिथल्याच बंदरात लागलंय. मला वाटलं, आता तिकीट काढ म्हणणार. तर काल जहाजाच्या एजंटने सगळ्यांना तळ्यावर नेलं होतं म्हणे. ह्यांनी बदकांना खायला घातलं. म्हणाले, रत्ना, अगदी तू सांगायचीस तस्सं! म्हणजे लक्षात होतं. मग म्हणाले, माझं तर बघून झालं, आता मुद्दाम खर्च करून परत कशाला? आणि कंपनीने फार आग्रह केला, आणखी नऊ महिन्यांची सही केली.
मी विचारलं, हातावर चोच लागते का हो? म्हणाले, ग्लोव्ह्ज होते, काही कळलं नाही.
ह्यांनी विचारलं, रागावलीस का गं? म्हटलं, काही ऐकू येत नाहीये, लाइन खराब आहे.
लाइन स्वच्छ होती. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.