सासऱ्यापुढची खुर्ची

३ जाने.
सरपंचपद महिला राखीव निघालं आणि आमची सूनबाई, सुनंदा, निवडून आली. आज झरीच्या बाजारात तिघांनी विलासला, माझ्या पोराला, "काय सरपंच!" म्हणून हाक मारली. पठ्ठ्यानं ओ दिली. म्हटलं, "ओ कशाला देतोस? निवडून बायको आलीय तुझी."

४ जाने.
घटनेचं पुस्तक काढलं. त्र्याहत्तरावी दुरुस्ती, अनु. २४३. पंचायतीत बायांना निदान एक तृतीयांश जागा, सरपंचपदंसुद्धा. आपल्या राज्यानं निम्म्या केल्या. चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. ही दुरुस्ती आली तेव्हा मी पूर्णा जंक्शनला ड्यूटीवर. पेपरात वाचून पान उलटलं असेल. आता तेच कलम माझ्या घरात भाकरी थापतंय!

९ जाने.
ग्रा.पं.ची पहिली बैठक. हौसेनं गेलो, पार पुढं बसलो. घोटाळा. मला बघताच सूनबाई खुर्चीवरून उठली. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं खुर्चीवर बसत नाही, हे मी अतिशहाणा विसरलोच. उपसरपंच विलासला म्हणाला, "खुर्ची रिकामी कशाला? बस की." आणि हा बसला! सगळी बैठक यानंच चालवली, ती भिंतीला टेकून उभी. घरी आल्यावर पोराला चांगला झाडला.

१० जाने.
सूनबाईला म्हटलं, घटनेनं दिलेली खुर्ची आहे, माझ्यासाठी उठायचं नाही.
"घटना हाय ती खरं, आबा. पण तुमच्या म्होरं मला न्हाई बसवत."
मग मीच २६ जानेवारीच्या ग्रामसभेला येत नाही, म्हटलं. उसळलीच. "कसं न्हाई येणार? गावातला समदा मतदार म्हंजी ग्रामसभा, तुमीच वाचलं न्हवं? अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. माणसं कुठून आणू?"
माझंच पुस्तक माझ्यावर उलटवलं. आतून मात्र लय बरं वाटलं.

२६ जाने.
झेंडा तिनं चढवला. तिचा हात स्थिर, डोळे माझे भरले.
मग ग्रामसभा. मी मुद्दाम मागं, खांबाआड. तरी सूनबाईला दिसलोच. उठली. उपसरपंचानं पुन्हा विलासला खूण केली. विलासनं हात जोडले, जागचा हलला नाही. (शाबास.) सूनबाईनं पदर नीट केला आणि माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "आबा, मी बसायले."
परवानगी मागितली नाही. सांगितलं. आणि बसली.
पुढं पाण्याचा विषय निघाला. मला कुठलं राहवतंय, मध्येच बोलायला उठलो. "आबा, तुमची पाळी आली की बोला." मुकाट बसलो. रेल्वेत साहेबानं पाठ थोपटली तेव्हाही छाती एवढी फुगली नव्हती.

२८ जाने.
पारावर भावकीतले थोरले अण्णा भेटले. "सुनेनं भर सभेत तुला खाली बसवलं. इज्जत ऱ्हायली का?"
म्हटलं, "वाढली."
भडकले. म्हणे, १ मेच्या पुढच्या ग्रामसभेला आमच्यातलं कुणी फिरकणार नाही. उपसरपंच शेजारीच, मान डोलवत. निम्मं गाव अण्णांच्या शब्दाबाहेर नाही. ऊसतोडीची माणसं तोवर परतली तर ठीक, नाहीतर गणपूर्तीपुरती माणसंही जमायची नाहीत...
सूनबाईला सगळं सांगितलं. जराही घाबरली नाही.
"न्हाई आले तर दारोदार जाऊन बोलवंन. पयलं अण्णांच्याच घरी जाते. बस म्हणले तर त्यांच्या म्होरं खुर्चीवर बसंन बी."
बसेलही ही.