मागच्या पायरीवर धार घालवताना

प्रिय ठकूस,

फोन करत नाही म्हणून रागावली असशील तर रागाव. पण फोनवर बोलायला गेलं की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि कोण, काय, कशाला असं विचारत राहतात. त्यांच्याबद्दल त्यांच्याचसमोर कसं बोलायचं? आत्ता जेवून झोपलेत, तेवढ्यात लिहून काढते. मागच्या वेळी तू म्हणालीस, ती सगळी अवजारं भंगारात द्या आणि दोघंही माझ्याकडे राहायला या. मी फोन आपटला. तुला वाटलं असेल, म्हातारीला घर सुटत नाही. अगं, घराचं काय घेऊन बसलीस? भिंतींना ओल आलीय, नळ रोज कुरकुरतो. घर मी आज सोडेन. मला सोडवत नव्हती ती त्यांची अवजारांची पेटी.

तुला आठवत असेल, सार्वजनिक बागेतून ते घरी आले की आधी अवजारं आणि मग चहा. मुख्य माळी झाले तरी त्यात बदल नाही. खुरप्याची माती धुवायची, फडक्यानं कोरडं करायचं, पात्यावर तेलाचा बोळा फिरवायचा, दांड्यांना जवसाचं तेल चोळायचं. दाताळं कुणी दात वर करून टाकलं तर विचारूच नकोस. तू एकदा छाटणीची कात्री उघडीच खिशात घालून पळालीस, तेव्हा आठवडाभर तुला बागेत पाऊल ठेवू दिलं नव्हतं, आणि वर रोज तिची कडी लावायचा सराव करून घेतला होता. मी म्हणायचे, या माणसाचं लग्न माझ्याशी झालंय की कानशीशी! ते नुसते हसायचे. पण जन्मभर पात्यांशी संसार करून दहाच्या दहा बोटं शाबूत ठेवली गं त्यांनी.

त्याच माणसानं या उन्हाळ्यात आपलं कुंपण पार जमिनीलगत छाटून टाकलं आणि बोटही कापून घेतलं. बोट कापल्याचं कळलं म्हणूनच तू फोनवर तसं बोललीस, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, सगळं डोक्यातून पुसलं गेलंय. तुला सांगितलं नव्हतं, पण परवा तुझ्या फोटोकडे बघून म्हणाले, मुलगी गोड आहे, कुणाची? मी म्हटलं, आपलीच. बरं बरं म्हणाले. पण धार लावायला बसले की बघत राहावं. कानस पात्याच्या उताराशी बरोबर टेकवतात, एकाच दिशेनं, हलक्या हातानं चालवतात. मग अंगठा धारेवर आडवा फिरवून बघतात, धारेच्या लांबीत कधीच नाही. तेवढा वेळ ते अगदी पहिल्यासारखे असतात, ठकू. तेवढा वेळ मला माझा नवरा भेटतो.

अडचण अशी, की धार लागली की माणूस छाटायला निघणारच. म्हणून मी एक उद्योग सुरू केला. दुपारी ते झोपले की पाती घेऊन मागच्या पायरीवर बसायचं आणि दगडावर घासून सगळी धार घालवायची. बोथट अवजार ते झाडाला लावणार नाहीत, याची मला खात्री होती. बोथट पात्याला जोर लागतो, जोर लावला की ते सटकतं आणि हातावर येतं, हे त्यांनी हाताखालच्या किती माणसांना शिकवलंय! उठले की पेटी उघडायची, अंगठा फिरवायचा, आणि मग तोंडाचा पट्टा सुरू. नव्या माणसांना अक्कल नाही, कात्रीनं दगड छाटतात की काय, त्या गाढवाला उद्यापासून कामावर घेऊ नका. मी मान खाली घालून बरं म्हणायचे. गाढव मीच. मग दिवेलागणीपर्यंत कानस चालू, आणि मी भाजी निवडत ऐकत बसायचे. कात्रीचं पातं झिजून निम्मं झालंय. त्यांनी इतकं जपलेलं मी माझ्या हातानं घासून संपवतेय, हे कळत होतं. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण पेटी भंगारात दिली असती तर हे तास मी कुठून आणले असते?

काल ते उठले, पेटी उघडली, कात्रीवर अंगठा फिरवला. मी ओरडा खायच्या तयारीत दारात उभी. म्हणाले, छान धार आहे. आणि निघाले गुलाबाकडे. त्या बोथट पात्यानं फांदी नुसती चिरडत होते, साल लोंबत होती, आणि त्यांना त्याचं काहीच नाही. मी धावत जाऊन हात पुढे केला. वाटलं, आता तरी चिडतील, माझ्या कात्रीला हात लावू नकोस म्हणतील. मुकाट्यानं दिली गं. आज सकाळी मीच कानस हातात ठेवली, तर उलटसुलट करून बघितली आणि हे काय आहे म्हणून मला विचारलं. मग मी पायरीवर जाऊन बसले आणि पोटभर रडले.

म्हणून हे पत्र. तू म्हणतेस तसं करू. खोली आवरून ठेव आणि रविवारी न्यायला ये. भंगारवाल्यालाही तूच बोलाव, माझ्याच्यानं ते होणार नाही. आम्ही दोघं येतोय, असं लिहायला बसले होते. पण खरं सांगू? मी एकटीच येतेय ठकू, त्यांना हाताला धरून.

तुझीच,
आई