नऊ नंबरची जर्सी

१७ ऑगस्ट १९९७

चि. झिग्मास भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, बीट उकडत ठेवले, आणि तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे चौकटीला कपाळ आपटून सुताराला शिव्या देत बाहेर पडले. सरावातच कोसळले. आठ वर्षं झाली, तरी बीट उकडताना ती सकाळ येतेच. काल पुन्हा आली, आणि तेवढ्यात आपल्या बास्केटबॉल क्लबचे अध्यक्ष झुकास केक घेऊन दारात उभे.

म्हणाले, यंदाच्या मोसमात आपला संघ, आपले करकोचे, पहिल्यांदाच विजेते होऊ शकतात, फक्त बास्केटपाशी उभा राहणारा एक उंच सेंटर हवा. अर्वीदास नावाचा मुलगा यायला तयार आहे, पण तो शाळेपासून नऊ नंबर घालतो, दुसरा घालणार नाही. नऊ नंबर तुमच्या भावाचा. ते गेल्यावर क्लबने तो बंद करून त्यांची जर्सी हॉलच्या छताला टांगली. मी हो म्हटलं तरच उतरेल. मी म्हटलं, त्याला नव्वद द्या, एवढा उंच आहे तर मावेल. केक मात्र ठेवून घेतला.

तिकडे थंडी असेल. छाती झाकून फिरा.

तुमची वहिनी,
ब्रोन्ये

अ‍ॅडलेड, २९ ऑगस्ट

ती. ब्रोन्येवहिनींना झिग्मासचा नमस्कार.

केक खाऊन नकार देणारी बाई आख्ख्या लिथुआनियात एकच! इथली आपली मंडळी म्हणतात, सेंटर मिळाला नाही तर करकोचे तळाला जाणार. मलाही तसंच दिसतं.

वहिनी, डॉक्टर माझ्या छातीबद्दल आता पुढचं काही बोलत नाहीत. यानंतरचा मोसम मला मिळेलसं वाटत नाही. आपल्या गावाने एकदा तरी चषक उचलला, एवढं ऐकून जावं अशी हाव आहे. दादा असता तर स्वतः शिडी धरून उभा राहिला असता.

रागावा, पण रागावून का होईना, लिहा.

तुमचा,
झिग्मास

१२ सप्टेंबर

चि. भाऊजींना आशीर्वाद.

रागावले होते. मेलेल्या माणसाला शिडी धरायला लावलीत म्हणून.

खरं सांगू? थडग्यापाशी मला ते भेटत नाहीत. सामन्याला जाते, मान वर करते, तिथे असतात. शेजारची ओना विचारते, तू सामना बघतेस की छताची गळती? आता मी वर काय बघू?

पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि झुकासना होकार कळवला. काल क्लबने जर्सी उतरवून घरी पोचती केली. खुर्चीच्या पाठीवर ठेवली आहे. औषध चुकवू नका, आणि चषकाची वाट बघा.

ब्रोन्ये

६ ऑक्टोबर

चि. भाऊजींना आशीर्वाद.

वाईट बातमी आधी सांगते. अर्वीदास आलाच नाही. स्पेनच्या क्लबने जास्त देऊ केलं, तो तिकडे गेला. परवा संध्याकाळी झुकास आले, या वेळी रिकाम्या हातांनी. मान खाली घालून म्हणाले, जर्सी द्या, उद्या पहिला सामना आहे, त्याआधी परत टांगतो, कोणाला कळणारही नाही. मी सांगितलं, मला कळेल. माणूस एकदा खाली उतरवला की दुसऱ्यांदा टांगायचा नसतो.

चषकाची बातमी मी तुम्हाला कळवू शकणार नाही, भाऊजी. तेच फार लागलं आहे. दोन ओळींचं का होईना, पत्र येऊ द्या; तुमचं अक्षर दिसलं की घरात कोणी आहेसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सामन्याला गेले. आपण फार वाईट हरलो. शेवटची शिट्टी होईपर्यंत मी छताकडे न बघता सामना बघत बसून होते.

ब्रोन्ये