दोन बोटं जास्त

ता. २

तीर्थरूप बाबांना सविनय नमस्कार.

खोली पुन्हा मोजली. एक खाट, एक टेबल आणि उघडणारं दार, एवढंच मावतं. तुमची अट आईने कळवली: पोरीला जमिनीवर झोपवून तुम्ही तिच्या खाटेवर झोपणार नाही, म्हणून येणारच नाही. ठीक आहे. मी जमिनीवर झोपणार नाही, तुमच्या वर झोपेन. सोबत उंच पलंगाचं ड्रॉइंग आहे. चार खांब, वर फळ्या, खाली तुमची खाट. घरमालकीणबाई भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाहीत, तेव्हा पलंगाने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं आहे.

इथल्या डॉक्टरांनी तुमच्या ऑपरेशनला पंचवीस तारीख दिली आहे. मानेतली नस दबली आहे. उशीर झाला तर हातातली ताकद परत येईलच असं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. ही तारीख चुकली तर पुढची कधी, ते सांगत नाहीत. ऑपरेशननंतर मानेला पट्टा असेल आणि मान वाकवता येणार नाही. म्हणून बसल्यावर डोक्यावर मोकळी जागा हवी. आईने तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं आणि डोक्याशी खूण केली, तेच माप मी धरलं आहे. लाकूड तुमच्याकडचंच पाठवा. इथल्या वखारीतलं ओलं असतं.

हात कसा आहे ते स्वतः लिहा. आईकडून फक्त ‘बरा आहे’ येतं.

आशीर्वाद आहेतच, उत्तरही असावं.

आपली
मोजपट्टी

ता. ७

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना लिहायला सवड नाही, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. ड्रॉइंग फ्रेम करून लावण्यासारखं आहे म्हणाले, फक्त त्यात झोपणारी माणसंही काढायला हवी होतीस. भिंतीला टेकवून मापं घेतली तोवर ठीक, वरून रंधा मारला नाही हे नशीब, असंही लिहायला सांगितलं आहे.

उंच पलंग दारुड्यासारखा झुलतो, म्हणून चारही कोपऱ्यांत खिळे नकोत. आडव्या लाकडाचं टोक खांबातून आरपार काढायचं आणि बाहेर आलेल्या टोकात पाचर ठोकायची. खिळा कंटाळतो, पाचर कंटाळत नाही, हे त्यांचं वाक्य तुला पाठ असेलच.

लाकूड कापून पाठवतो आहोत. मात्र शेजाऱ्यांचं कपाट अर्धवट आहे, ते उरकल्याशिवाय निघणं जमेलसं वाटत नाही म्हणतात. हात बरा आहे.

जेवत जा. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी
आई

ता. १३

तीर्थरूप आईला सविनय नमस्कार.

लाकूड पोहोचलं. खांब आखूड आहेत.

चूक माझी आहे, आणि ती कशी झाली ते तुला कळायला हवं. बाबा कधीही कागदाबरहुकूम कापत नाहीत. दोन बोटं जास्त ठेवतात. घासून कमी करता येतं, ओढून वाढवता येत नाही म्हणतात. माझ्या शाळेच्या टेबलापासून तुझ्या ओट्यावरच्या फळीपर्यंत घरातलं सगळं दोन बोटं उंच आहे. म्हणून मी ड्रॉइंगमध्येच दोन बोटं कमी लिहिली. या वेळी ती वरची दोन बोटं आलीच नाहीत. बाबांच्या डोक्यावर मी तेवढीच जागा मोकळी धरली होती. आता ते बसले तर डोकं फळीला लागेल.

मग मी खांबांची टोकं उजेडात धरून पाहिली. हातकरवतीचे ओरखडे नाहीत, मशीनच्या गोल रेघा आहेत. बाबांची पेन्सिलीची फुली एकाही खांबावर नाही. आई, हे लाकूड बाबांनी कापलेलं नाही.

‘बरा आहे’ आता पुरे. हाताने काय होतं आणि काय होत नाही, तेवढं लिही.

लोभ ठेव आणि खरं सांग.

तुझी
मोजपट्टी

ता. १६

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

ते बाहेर गेलेत तोवर लिहिते. तू ओळखलंस ते खरं आहे. करवत हातातून सुटली आणि पायाशेजारी पडली, त्या दिवसापासून कारखान्याला कुलूप आहे. कपाट वगैरे काही नाही. कप दोन्ही हातांनी धरतात. शर्टाची बटणं मी लावते, तेव्हा ते दाराकडे बघत राहतात. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती; ती आज मोडली.

लाकूड करवतीच्या गिरणीत कापून घेतलं. हे तुझा कागद घेऊन स्टुलावर बसले होते आणि पूर्ण वेळ त्या माणसाच्या मागे लागले होते, की पोरीचं काम आहे, तिला एक रेघ इकडची तिकडे चालत नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दोन बोटं सोडली नाहीत, तेही तुझ्यासाठी. तू त्यांच्या खोडीसाठी कमी लिहिलंस, त्यांनी तुझ्या खोडीसाठी नेमकं कापलं. तुम्हा दोघांपुढे हात टेकले.

खांब आखूड निघाले हे मी त्यांना सांगितलं. मग म्हणाले, पलंग नाही तर जाणं नाही, तिला लिही, डॉक्टरांना कळवून टाक. आणि सुटल्यासारखे दिसले. मला त्याचीच भीती वाटते. ऑपरेशन करूनही हात आला नाही तर, हे त्यांच्या मनातून जात नाही. न केलेलंच त्यांना बरं वाटतं.

तूच काहीतरी कर. मी कळवलं हे कळलं तरी आता चालेल.

तुझी
आई

ता. १९

तीर्थरूप बाबांना सविनय नमस्कार.

डॉक्टरांना मी काहीही कळवलेलं नाही. तारीख तीच आहे.

खांबांना खालून तुकडे जोडले. जोडलेला पाय म्हणजे उसना पाय, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधी उरलेल्या लाकडात तसाच सांधा केला: दोन्ही टोकं अर्धी-अर्धी तासून एकावर एक, मध्ये सरस, आरपार बोल्ट. तो आमच्या प्रयोगशाळेत नेला. तिथे पुलांचे नमुने मोडेपर्यंत दाबतात. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, हा कुठला पूल. मी म्हटलं, घरचा. तुकडा मोडला, पण सांध्यात नाही, वरच्या गाठीत. आणि तोही माझ्या वजनाच्या कितीतरी पट भारानंतर. सोबत तो मोडका तुकडा पाठवते आहे. तुम्ही कागदावर विश्वास ठेवत नाही, लाकडावर ठेवता.

पलंग उभा आहे. खाली तुमच्या डोक्यावर तीन बोटं जागा आहे. एक मी जास्त ठेवलं.

तीन कोपऱ्यांत पाचरी बसल्या. चौथी माझ्या हातून चिरली आणि इथे तशी कडक लाकडाची मिळत नाही. त्या कोपऱ्याला पलंग अजून किंचित हलतो. एक पाचर पाठवा.

हाताबद्दल मला माहीत आहे. आईला रागावू नका, मला तुमच्या लाकडानेच सांगितलं. हात पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. थांबल्याने काय होईल, ते मात्र माहीत आहे.

आशीर्वाद नंतर दिलेत तरी चालेल, आधी तुम्ही या.

आपली
मोजपट्टी

ता. २२

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

आई लिहून देते म्हणत होती. मी नको म्हटलं. अक्षर असं आहे. एवढ्याला दुपार गेली.

तुकडा पाहिला. सांधा चांगला आहे. बोल्ट दिसतात, ते मला आवडलं नाही.

पाचर पाठवत नाही. खिशात घालून आणतो. परवा निघतो.

ती मी ठोकीन. ऑपरेशननंतर हातोडा धरता येईल तेव्हा. तोवर पलंगावर चढायचं नाही. खाली जमिनीवरच झोप.

बाबा