संपर्क होऊन राहिला आहे

२८ सप्टेंबर, रविवार
गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनचं चित्र असलेला. घटस्थापनेला घेतलेली गाडी. सेकंडहँड असली तरी पूजा मी स्वतः केलेली. त्यामुळे दोष गाडीत असणं शक्य नाही. दिव्यात असेल.

देविदास मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, गुरुजी ठेवून जा, स्कॅनर लावतो, वीस मिनटाचं काम हाये. मी म्हणालो, बघू. सेनगाव तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांपुढचा पहिला नारळ मी फोडलाय. चारशेच्या वर वाहनपूजा झाल्या या हातून. मला गाडीतलं कळत नाही असं कोण म्हणेल?

आणि स्कॅनर म्हणजे तरी काय! स्टिअरिंगखाली खोचायची एक डबी. गाडीच्या पोटातलं सगळं मोबाईलवर वाचून दाखवते, बिनतारी. ऑनलाइन मिळते. मागवली.

अनुसूया अजून या गाडीत बसलेली नाही. सत्तावीस वर्षं मांडीवर अनारशांचा डबा धरून एसटीनं भाऊबीजेला आखाडा बाळापूरला गेली. आता म्हणते, आपल्या गाडीत पहिल्यांदा बसीन ते माहेरी जायलाच. भावाला फोनही करून टाकला की, नचिकेत, यंदा स्टँडवर घ्यायला येऊ नको, आमी आमच्या गाडीनं येऊन राहिलो. भाऊबीज २३ ऑक्टोबरला. हातात पंचवीस दिवस, काम वीस मिनिटांचं.

३० सप्टेंबर
डबी आली. काडेपेटीएवढी. अनुसूया म्हणाली, मग लावा की. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची आमच्या घरात पद्धत नाही. उद्या खंडेनवमी. असा योग मी सोडणार नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी देविदासच्या गॅरेजात पूजा. पाने, जॅक, हवेचा पंप, सगळं पाटावर मांडलेलं. स्कॅनर मात्र पठ्ठ्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता. म्हणाला, गुरुजी, याला कुंकू नका लावू, वरून फूल ठेवा बस. दक्षिणा घ्यायची होती म्हणून नुसतं फूल ठेवलं. अशी अर्धवट श्रद्धा असल्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्या कशा सुधारणार?

घरी डबीची पूजा यथासांग केली. पाण्याचा शिंतोडा, ओलं हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. सोळा पिना आहेत. एकही वगळली नाही.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९.१०
मुहूर्तावर डबी खोचली. जरा घट्ट गेली. नवी आहे. लाल दिवा लागला. विझला. अंगठ्यानं दाबून धरली की लागतो. मोबाईलमध्ये नाव येईना.

दुपारी १२
अजून नाही. लोक सोनं द्यायला येऊन राहिले. मी गाडीतच बसून काचेतून आपट्याची पानं घेतली. एका हातानं. दुसरा अंगठा डबीवर होता.

५ ऑक्टोबर, रविवार
सापडली! पिन मागते. १२३४ दिला, नाही म्हणाली. ०००० दिला, चालला. मोबाईल म्हणाला, पेअर्ड. अनुसूयाला हाक मारून बाहेर बोलावलं. मग अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपचं म्हणणं असं की, डबीशी बोलणं झालं, पण गाडी उत्तर देत नाही. अनुसूया कणकेचे हात घेऊन आत गेली.

नंतर पंचांग काढलं. रविवार, संध्याकाळचे पाच. भर राहुकाळात पेअरिंग केलं मी! मशीनची बिचारीची काय चूक? यापुढे वेळ बघूनच.

८ ऑक्टोबर. सकाळी ७.२०, उत्तम वेळ
जुनं पेअरिंग खोडलं. नव्यानं शोधलं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेलं एक नाव आलं. दाबलं, लगेच कनेक्टेड! पिनसुद्धा मागितला नाही. याला म्हणतात मुहूर्त. अ‍ॅप गप्पच होतं, म्हणून यूट्यूबवर डबी जोडण्याचा व्हिडिओ लावला. आवाज येईना. फुल केला.

पाच मिनिटांनी शेजारच्या मिराबाई फाटकात. हातात ताम्हण तसंच. म्हणाल्या, काहो गुरुजी, आमच्या काकड्याच्या स्पीकरमंधी कोणता बाप्या हिंदीत इंजिन खोलून राहिला? बाया भेल्या ना!

त्यांनी आधी स्पीकर बंद ठेवायला पाहिजे होता.

१२ ऑक्टोबर
दोष मोबाईलचा आहे हे आता सिद्ध झालं. व्हिडिओतल्या माणसानं शेवटचा उपाय सांगितला होता, मोबाईल पूर्ण कोरा करा. केला. कनेक्शन झालं नाही, पण मोबाईल झटपट चालतो. यजमानांचे सगळे नंबर गेले. हरकत नाही, गरज त्यांना आहे.

अनुसूया म्हणाली, तिकडं देविदासकडं टाकून या ना एकदाची. मी म्हणालो, अकरा दिवस आहेत. ती म्हणाली, पंचवीस होते.

१५ ऑक्टोबर
देविदास रस्त्यानं जाताना थांबला. मी नेहमीप्रमाणे गाडीत. म्हणाला, गुरुजी, इंजिन बंद अन् चावी चालू ठेवून नका बसत जाऊ तासन्‌तास, बॅटरी उतरते. गिऱ्हाईक हातचं गेलं की माणूस काय काय बोलतो! चावी चालू नसेल तर गाडी डबीशी बोलणार कशी? एवढं त्याला कळत नाही. आणि हा मेकॅनिक.

उद्यापासून रोज दोन तास.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
तीन यजमान नाराज. त्यांना मी वेळ कळवायची होती, नंबर नव्हते. मोबाईलची तकलीफ सांगितली. एकानं विचारलं, गुरुजी, घर तर माहीत होतं ना?

अनुसूयानं गाडी आतून पुसली. पुढच्या सीटवर नवी चादर, आरशाला झेंडूची माळ. अनारशांचा डबा आजच सीटवर ठेवून पट्टा लावून पाहिला. बराबर बसतो म्हणाली. खुश होती. मलाही बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
ओवाळल्यावर ताटात काय घालू विचारलं. म्हणाली, काही नको, तेवढा दिवा बघा. शब्द दिला.

दुपारी दोनला बसलो. अंगठा दाबून धरलेला. मध्येच डोळा लागला. उठलो तर दिवेलागण झालेली, चावी चालूच. एक प्रकारे बरंच झालं, डबीला सलग वेळ मिळाला. पिवळा दिवासुद्धा मंद वाटला. गुण येऊन राहिला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. सकाळी ६.४०
अनुसूया नवी साडी नेसून फाटकाशी उभी. पूर्वेकडे तोंड करून चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टकसुद्धा नाही.

७.०५
अनुसूयाच्या मोबाईलवरून देविदासला फोन. पुसेगावला बहिणीकडे गेलाय, उद्या येईन म्हणाला. सणासुदीला माणसं जबाबदारी विसरतात.

७.३०
काकड्याच्या बायांनी मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली. चालू झाली नाही. परत ढकलत आणली. मिराबाई म्हणाल्या, गुरुजी, तुमी उतरून ढकला, मी बसते.

८.१५
अनुसूयानं पट्टा सोडून अनारशांचा डबा काढला. आठच्या एसटीनं गेली. मी येऊ का विचारलं. म्हणाली, तुमी बसा तुमच्या डबीपाशी. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारी २
नचिकेतचा फोन. भाऊजी, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणून ताई बोलली, झाली का? मी हो म्हणालो. तिनं असं सांगितलं तर. जेवण गेलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
देविदास आला. त्याच्या जीपच्या बॅटरीवरून वायर टाकून गाडी चालू केली. बॉनेटमध्ये एक सॉकेट ढिलं होतं, बसवलं. पिवळा दिवा गेला. अठरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

मग त्यानं डबी उपसली. उजेडात धरली. मग जीपच्या टायरला टेकून खालीच बसला अन् हसला. सुईनं तांदळाचा एक दाणा काढला. त्यामागं कुंकवाची वाळलेली खपली. विचारलं, गुरुजी, हे कोणी केलं? मी म्हणालो, अशीच आली होती. ऑनलाइनचा काय भरवसा! त्यानं ब्रश आणि स्पिरिटनं पिना घासल्या. वाळल्यावर खोचली. पहिल्या झटक्यात कनेक्टेड. राहुकाळ चालू होता.

संध्याकाळी ५.४०
गाडी घेऊन स्टँडवर गेलो. अनुसूया एसटीतून उतरली. आधी मोबाईल दाखवला तिला, हिरवी अक्षरं: गाडीत एकही दोष नाही. सव्वीस दिवसांची मेहनत.

तिनं वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, गाडीत न्हाई ना? मग एकदा तुमालाच लावून बघा.

स्टँड ते घर चार मिनिटं. आमच्या गाडीतला अनुसूयाचा पहिला प्रवास. पायीच निघाली होती खरं तर. पिशव्या जड होत्या म्हणून बसली.