सकाळची शिवी

कोगोमा,
ता. ९ फेब्रुवारी २०२३

चि. येरो यास ताक्कोचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रानातल्या बंडखोरांनी फोनचा मनोरा जाळला त्याला आज महिना झाला. त्यामुळे तुझी बहीण पुन्हा कागदावर आली. पाचवीपर्यंत शिकले ते बहुधा याच दिवसांसाठी. अक्षराला हसू नकोस, हे हात गायीच्या कासेला सरावलेले आहेत. बसवाला इसूफ हे पत्र तुझ्या दारात टाकील. त्याला चहा पाज, भाषण पाजू नकोस.

तुझ्या दाजींचा गुडघा तसाच आहे. दोन्ही पोरं कळप घेऊन दक्षिणेला सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे तीन दुभत्या ठेवल्यात. पैकी लंगडी सगळ्यांत जास्त दूध देते आणि सगळ्यांत जास्त लाथा मारते. पलीकडच्या वस्तीतला डेंबा मात्र अजून परतला नाही. गावरक्षक म्हणवणारी बंदूकवाली पोरं त्याला चोर, रानातल्यांचा खबऱ्या असं ओरडत घेऊन गेली, ते इसूफने तुला सांगितलंच असेल. त्याची बायको रोज त्याची चटई झटकून ठेवते.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच काळजीने. आपला सायकलवाला लाझार मिलोगो. गेली तीस वर्षं मी दुधाचा तुंबा घेऊन त्याच्या दुकानापुढून जाते. तो हातातला पाना न सोडता ओरडणार की बघा, माझी पळालेली गुलाम आली. आज दुधात कुठल्या विहिरीचं पाणी, आणि काल कुणाची गाय चोरलीस? मी म्हणणार, अरे बोबोच्या पोरा, गुलाम तू माझा, आणि तुला पाणी पचत नाही म्हणून उद्यापासून दुधात डोलोच ओतीन. नाहीतरी तुझं पोट म्हणजे ज्वारीच्या दारूचं पिंपच आहे. मग त्याची म्हातारी आई वेरोनिक आतून ओरडणार की त्या चोरटीला आत पाठव, माझं दूध थंड होतंय. असं झालं की दिवस सुरू.

मागल्या आठवड्यातल्या मंगळवारी लाझार मला बघून उठून उभा राहिला. त्याने टोपी काढली आणि फ्रेंचमध्ये अदबीने म्हणाला, बोंजूर मादाम. मीही बोंजूर मस्यू म्हटलं. त्याच्या बायकोने दारातच दूध घेतलं. त्यानंतर रोज तेच. येरो, मला या माणसाची एवढी भीती कधीच वाटली नव्हती.

तुझी,
ताक्को


वागादुगु,
ता. १६ फेब्रुवारी

ती. ताक्कोताईस येरोचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. इसूफला चहा पाजला. भाषणही थोडं पाजलं, त्याने तक्रार केली नाही.

ताई, तू चुकीच्या गोष्टीला घाबरते आहेस. चाळीस वर्षं मी फळ्यापुढे उभा राहिलो आणि पंचवीस वर्षं शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावर. सगळीकडे एकच सांगत आलो: या देशात माणसाला जगण्याचा हक्क तो माणूस आहे म्हणून मिळाला पाहिजे. आपली फुलानी जमात आणि त्यांची बोबो जमात थट्टेचे सोयरे आहेत, पणज्यांच्या काळापासून एकमेकांना गुलाम नि चोर म्हणत आले आहेत, म्हणून नव्हे. ज्याचं रक्षण थट्टा करते, त्याचं रक्षण कोणीच करत नाही. डेंबाला थट्टेने वाचवलं का? त्याच्यासाठी आम्ही तीन अर्ज दिले आहेत, चौथा मी स्वतः नेणार आहे. उत्तर मिळेपर्यंत त्या कचेरीच्या पायऱ्या सोडणार नाही.

राहिला लाझार. त्याने टोपी काढली तर ती सभ्यता आहे. माझ्या समोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर मातियास सानू, तेही बोबोच. पूर्वी खिडकीतून माझ्या काटकुळ्या पायांवर पोवाडे रचायचे. दोन महिने झाले, आता मान झुकवून नमस्कार करतात. मी तर ही प्रगती समजतो. नागरिकांनी नागरिकांसारखं बोलावं.

खरा धोका बंदुकीचा आहे. म्हणून ठरवून टाकलं आहे. आपला मावसभाऊ सांबा रविवारी, १२ मार्चला ट्रक घेऊन कोगोमाला येईल. तू आणि दाजी बसायचं. गायी विकून टाका. रडशील, माहीत आहे. माझ्या दोन खोल्यांपैकी एक तुमची. आता वाद नको.

तुझा धाकटा,
येरो


कोगोमा,
ता. २३ फेब्रुवारी

चि. येरो यास आशीर्वाद. वि. वि.

वाद नको असं तू लिहावंस म्हणजे इसूफने बस चालवायची नाही म्हणण्यासारखं आहे. तुझी खोली मोठ्या मनाची आहे, पण लंगडी तिच्यात मावत नाही. आणि लंगडीला विकलं तर घेणारा पहिल्याच लाथेला ती कापून खाईल.

तू पुष्कळ वाचलंस, पण गावात राहिला नाहीस. सभ्यपणा कुणाशी करतात? परक्याशी, कर वसूल करणाऱ्याशी आणि मेलेल्याशी. यांतली मी कोण, एवढंच मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. लाझारच्या घरून दुधाचा तुंबा अजून रिकामा परत येत नाही. तळाशी केळीच्या पानात चवळीची तीन भजी असतात, तीस वर्षं असतात तशी. गेल्या आठवड्यात ती जरा करपली होती. मी आणि तुझ्या दाजींनी दीड-दीड खाल्लं. अर्ध्यावरून भांडलोही, कारण त्यांचं अर्धं मोठं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो. म्हणून अजून बोचकं बांधलेलं नाही.

म्हातारी वेरोनिक आता उठत नाही. चार दिवस, फार तर आठ, असं लोक म्हणतात. ती गेली की थट्टेच्या रिवाजाप्रमाणे तिला पुरायच्या खड्ड्यात फुलानीने जाऊन निजायचं, दंड मिळाल्याशिवाय हलायचं नाही. मी जाणार आहे. लोक हसले तर मी इथलीच. कोणी हसलं नाही, तर सांबाला सांग, आम्ही ट्रकमध्ये बसू. दाजींनाही हे मान्य आहे.

ताक्को


वागादुगु,
ता. १ मार्च

ती. ताईस सलाम. वि. वि.

घाईत लिहितो, इसूफ हॉर्न वाजवतो आहे. जाऊ नकोस. त्या खड्ड्याभोवती बंदुका घेतलेली पोरं असतील. कुणाला थट्टा कळेल नि कुणाला नाही, हे तुझ्या लाझारच्याही हातात नाही. आजवर मी तुला हात जोडले नाहीत. आज जोडतो.

येरो


कोगोमा,
ता. ७ मार्च

चि. येरो यास ताक्कोचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र म्हातारीला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तेव्हा आज्ञा मोडल्याचा दोष माझ्यावर नाही, इसूफच्या टायरवर आहे.

वेरोनिक शुक्रवारी पहाटे गेली. दुपारी पुरायचं होतं. मी चांगलं लुगडं नेसले. तुझे दाजी म्हणाले की मीही येतो. मी म्हटलं, तुम्ही खड्ड्यात उतरलात तर त्या गुडघ्याने वर कसे याल? तुम्हाला तिथेच ठेवावं लागेल. ते काठी टेकत वाटेपर्यंत आले आणि बाभळीखाली थांबले.

खड्डा तयार होता. पाद्रीबाबा यायचे होते. सगळं गाव जमलेलं, आणि कडेला सहा गावरक्षक बंदुका घेऊन उभे. मला येताना पाहून बायकांचं रडणं थांबलं. वाट करून दिली. मी काठावर बसले, पाय आत सोडले आणि घसरत खाली गेले. बासष्टाव्या वर्षी खड्ड्यात उतरणं सोपं नाही. गुडघा सोलवटला. मग निजले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले की ही जागा माझी आहे, ही म्हातारी माझी गुलाम होती, तीस वर्षांच्या दुधाबद्दल दोन गोड शब्द न बोलता मेली, आता दंड टाका नाहीतर तिला दुसरीकडे न्या.

येरो, वर फक्त आभाळाचा चौकोन दिसत होता. कोणी हसलं नाही. एका गावरक्षकाचं डोकं काठावर आलं, लहानसा चेहरा, पण हातात बंदूक. त्याने विचारलं की ही बाई कोण? तेव्हा तू आठवलास. माती गार होती. मी मनात बोचकं बांधायला घेतलं. भांडी, तुझ्या दाजींचा रेडिओ. लंगडीपाशी आले आणि पुढे काही सुचेना.

मग लाझार बोलला. त्याचा आवाज बसलेला होता. तो म्हणाला की चला, माती लोटा. एका खड्ड्यात दोन म्हाताऱ्या, पाद्रीबाबांचा एकच फेरा, आणि हिच्या तिन्ही गायी मला. मी खालून ओरडले की लंगडी घेऊन दाखव, तुझ्या डोलोच्या पिंपाला भोक पाडील ती. आधी कोणीतरी म्हातारी खोकल्यासारखी हसली. मग सगळं गाव हसलं, रडता रडता. तो बंदूकवाला पोरगाही हसला आणि दुसऱ्याला सांगू लागला की ही लाझारची गुलाम, रोज दुधात पाणी घालते. दंड म्हणून एक कोंबडी मिळाली, ती खड्ड्यात माझ्या अंगावरच टाकली. मला वर ओढायला लाझारसकट चौघे लागले. कोंबडीपेक्षा गुलाम जड, असं तो म्हणालाच.

संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला. खाली बसला. मग सांगितलं. डेंबाला नेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तुंबा घेऊन येताना त्याला दिसले. नेहमीचा चोर शब्द त्याच्या जिभेवर आला आणि तिथेच अडकला. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी बंदूकवाल्याने तो खरा मानला तर? त्याने स्वतःच तो खरा मानला तर? दुसरं काही सुचेना, म्हणून टोपी काढली. पुढे म्हणाला की तीस वर्षांत तू पहिल्यांदा मला मस्यू म्हणालीस. मला वाटलं, तू आता मला घाबरतेस. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही नाही. दोन म्हातारी माणसं महिनाभर एकमेकांना नमस्कार करत उपाशी राहिली, येरो. एवढे मूर्ख फक्त बोबो असतात, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, फुलानीही.

तेव्हा सांबाला सांग, ट्रक आणू नकोस. तुझं म्हणणं खोटं नाही. थट्टेने बंदूक अडत नाही आणि डेंबा अजून आलेला नाही. मी आंधळी नाही. पण निघायचं कधी, हे आता मला बरोबर कळेल. ज्या सकाळी लाझार टोपी काढील, त्या सकाळी मी दूध तिथेच ठेवून बोचकं बांधीन. त्यालाही हे सांगून ठेवलंय. कधी धोक्याची बातमी त्याच्या कानावर आली आणि तोंडाने सांगता येईना, तर टोपी काढ. त्याने होकार दिला आणि टोपी कानापर्यंत ओढून घेतली.

आज सकाळी त्याने विचारलं की म्हातारीच्या खड्ड्यातून काय काय चोरलंस?

लोभ आहेच, भाषणं कमी कर,
ताक्को


वागादुगु,
ता. १६ मार्च

ती. ताक्कोताईस येरोचा सलाम. वि. वि.

सांबाला थांबवलं. मनाविरुद्ध थांबवलं, हे नोंदवून ठेव. माझं मत बदललेलं नाही. जिथे बाईला आपलं गाव आपलं आहे की नाही हे खड्ड्यात निजून तपासावं लागतं, तिथल्या राज्यकर्त्यांना लाज वाटली पाहिजे, आणि हे मी परवा भर सभेत म्हटलं. डेंबाचा चौथा अर्ज घेतला, पोच मिळाली. नंबर त्याच्या बायकोला कळवशील. अर्ज क्रमांक ३१७.

आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र वाचून मी रस्ता ओलांडला. मातियास सानू खिडकीत होते. मान झुकवू लागले, तेवढ्यात मी विचारलं की पोस्टातून निवृत्त झालात, मग पोटात एवढी पार्सलं कुणाची साठवलीत? त्यांनी खिडकी बंद केली. मी चुकलो असं वाटून परत फिरलो. तर मागून दार उघडलं आणि हे सत्तर वर्षांचे गृहस्थ झाडू घेऊन माझ्या मागे कोपऱ्यापर्यंत आले. म्हणत होते की काटकुळ्या, तीन महिने कुठे मेला होतास? मग तिथेच झाडूवर हात टेकून रडले. मी काय केलं ते लिहीत नाही.

इसूफ दर आठवड्याला येतो. पुढच्या प्रत्येक पत्रात आधी गुडघा नको, गायी नकोत, आशीर्वादही नंतर. पहिल्या ओळीत लाझारने त्या सकाळी काय शिवी दिली ते लिहायचं. ती वाचली की मी बाकीचं पत्र सावकाश वाचीन.

तुझा काटकुळा,
येरो