दारावरचं हिरवं पान

नांदेड, ११ मार्च

प्रिय आनंदराज,

सप्रेम जय भीम.

आधी तक्रार. माझ्या गेल्या सविस्तर पत्राला तू फोनवरून एक पिवळा अंगठा पाठवलास. बँकेचा शाखाधिकारी आणि अंगठा! व्याकरण, निरुक्त, मीमांसा सगळं उपसलं. ‘उत्तर’ या शब्दाची अशी व्याख्या कुठेही सापडली नाही.

बाकी ठीक. ऊन वाढलंय. सोमवारी दिल्लीत माझ्या प्रयोगाचा सन्मान आहे. तू ज्याला ‘अर्थशास्त्र्याची रंगपंचमी’ म्हणून हसलास, तोच. रेणापूरच्या पुढे तुमच्या गावात दर आठवड्याला नळाचं मीटर बघायचं. शेजाऱ्यांपेक्षा कमी पाणी वापरलेल्या दारावर हिरवं पान चिकटवायचं, जास्त वापरलेल्या दारावर लाल. दंड नाही, सक्ती नाही. माणूस चारचौघांत लाजतो, एवढ्यावर माझी सगळी कारकीर्द उभी आहे.

आणि प्रयोग यशस्वी झाला, बाबा. लाल दारं भराभर हिरवी झाली.

काल फोटोसाठी गावात गेलो होतो. तुमच्या दारावर हिरवं पान बघून मी खूश. तुझ्या आईला, सरजाकाकूंना, दारात उभं करून फोटो काढला. मग काकू म्हणाल्या, “आता लाल लावू नको रं महांतेश. बाया नळावर टोचून बोलायल्या. म्हणल्या, ह्यांच्यामुळंच गावाला पाणी पुरंना.”

आत गेलो. वास आला.

निवृत्तीकाका दिवाळीपासून अर्धांगाने पडून आहेत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात आणि त्यालाच पाणी लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पान लाल झाल्यावर काकूंनी रोजचं धुणं बंद केलं. काकांच्या पाठीला जखम झाली आहे. “आनंदाला सांगू नको,” म्हणाल्या, “कामं टाकून पळत यील.” मी सांगतोय.

तुमच्या वस्तीतल्या दारांवर गावाने बोट दाखवणं नवीन नाही. संस्कृत शिकलेल्या लिंगायताच्या पोराला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. मी तुझ्याच ओसरीवर वाढलो. तरी त्या दारावर खूण माझ्या हुकमाने लागली.

काकांना कालच गाडीत घालून लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, जखम भरेल, पण वेळ लागेल. पानं सगळ्या गावातून काढायला सांगितलीत. तू ये. मला काय बोलायचं ते समोर बोल.

दिल्लीचं भाषण टेबलावर आहे. तुमचं घर त्यात यशस्वी घरांमध्ये धरलंय. ते वगळून काकूंची हकीकत सांगितली, तर बाकीच्या हिरव्या दारांवरही कुणाचा विश्वास राहणार नाही, प्रयोगात काही उरत नाही. काल रात्रीपासून बसलोय, अजून एक ओळ खोडलेली नाही. आनंदा, मी तिथे गप्प बसेन, सन्मान घेईन आणि परत येईन, याची मला भीती वाटते.

तुझ्याकडे मान वर करून बघू न शकणारा,
महांतेश